मामांना दिसलेला बॉल

पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून कधी चालला असाल तर तुम्हाला अंदाज येईल. पहिल्या पावलाला चपलेला थोडी माती लागते. दुसऱ्या पावलाला त्या मातीला माती लागते. बांधापर्यंत पोचेतो एकेक चप्पल उखळाएवढी होते आणि बुटका माणूसही उंच दिसायला लागतो! तायडे मामांच्या किश्श्यांचं तसंच आहे. आतली चप्पल खरी आहे, एवढं मी शपथेवर सांगतो. वरच्या मातीत माझी किती आणि रफिकची किती, हे मात्र विचारू नका.

तायडे मामा म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या शाळकरी पोट्ट्यांचे बेसबॉल अंपायर. हो, बेसबॉल! क्रिकेट नाही. मैदानावर चार ठिकाणं असतात, बॉल टोलवायचा आणि एकेक ठिकाण गाठत परत निघालो तिथे यायचं. त्या शेवटच्या ठिकाणाला 'होम' म्हणतात. घरी पोचला की रन. पोचायच्या आत कुणी बॉल घेतलेल्या हातानं शिवलं की आऊट. संपला खेळ! अमरावती-अकोल्याच्या शाळांत तो कुणी आणला, यावर आमच्यात भांडणं आहेत. टिकला कुणामुळे, यावर नाहीत.

मामांची नोकरी मूर्तिजापूरला गुरांच्या दवाखान्यात. सुट्टी मैदानावर. आयुष्यभर फुकट अंपायरिंग केलं. मॅच संपेपर्यंत कोणत्याही टीमचा चहासुद्धा घेत नसत. "चहाले लाज असते, तोंड दाबते," असं म्हणायचे.

मामा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. वय झालं होतं, दुपारी जेवून आडवे झाले ते झालेच. मातीला उभा गाव होता. परतताना रफिक डोळे पुसत म्हणाला, "देख सुध्या, जातानाही अपील का टाइम नहीं दिया किसीको!"

रफिक म्हणजे अकोल्याचा. बॅटऱ्यांचं दुकान. शाळेत असताना अकोल्याच्या टीमचा कॅचर, म्हणजे होमच्या मागे ग्लव्ह घालून बसणारा गडी. मी सुधीर, अमरावतीचा. बेअरिंगचं दुकान, नांदगाव पेठेतल्या कारखान्यांना माल देतो. माझ्या गल्ल्याशेजारी काचेच्या बरणीत अर्धा बॉल ठेवलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हे काय?" मी म्हणतो, "बसा, चहा घ्या." बेअरिंग राहतं बाजूला.

*

मामा अंपायर झाले ते म्हशीमुळे.

अमरावती आणि अकोल्याची मॅच नेहमी मूर्तिजापूरला व्हायची. दोघांनाही मधलं पडायचं, कुणाला पाहुणचार करावा लागायचा नाही. एकदा नागपूरच्या अंपायरची गाडी चुकली. दोन्ही टीम उभ्या, ऊन चढत चाललेलं. मैदानाच्या कडेला एक धडधाकट माणूस म्हशींना लाळ-खुरकुताची लस टोचत होता. टोचता टोचता प्रॅक्टिस पाहत होता.

आमचे पी.टी. सर म्हणाले, "यांनाच उभं करू. कोणत्या जिल्ह्याचे हो तुम्ही?"

"अकोला जिल्हा."

"मग नाही जमत!"

मामा म्हणाले, "सासरवाडी बडनेऱ्याची हाये."

बडनेरा म्हणजे अमरावतीच्या उंबरठ्यावर. आता अकोल्याचे सर उसळले, "मग तर मुळीच नाही! माणसाचा ओढा सासरवाडीकडे असते!"

मामांनी सुई पुसली, डबीत ठेवली. "साल्यासंग बोलनं बंद हाये."

दोन्ही सरांनी एकमेकांकडे पाहिलं. हिशेब बरोबर जुळत होता! मामा उभे राहिले. पी.टी. सरांनी घाईघाईत नियम सांगितले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डोयाले दिसलं ते सांगाचं, नाई दिसलं ते नाई सांगाचं. हेच नं?"

"हेच."

"मंग टोचू द्या उरलेल्या दोन म्हशी. आलोच."

*

आता माझं प्रकरण. ते आधी सांगून टाकतो, कारण मामांच्या कोर्टात ते तीसेक वर्षं पडून होतं आणि पुढे सारखं डोकं वर काढणार आहे.

मी दहावीत. विभागीय फायनल, अमरावती विरुद्ध अकोला, मैदान तेच. स्कोअर बरोबरीत. शेवटची इनिंग, आमचे दोन आऊट, मी तिसऱ्या बेसवर. मी घरी पोचलो की कप अमरावतीचा! आमच्या गड्यानं बॉल टोलवला आणि मी सुटलो. तिकडून बॉल फेकला गेला. मी होमवर झोकून दिलं. धुळीचा असा लोट उठला की, रफिक सांगतो, स्टेशनवरच्या लोकांना गाडी आल्यासारखं वाटलं!

माझा पाय होमच्या प्लेटवर. रफिकचा ग्लव्ह माझ्या खांद्यावर. आणि मामांचा हात वर!

"आऊट!"

मी ओरडतच उठलो. "मामा, ग्लव्ह रिकामा होता! नुसतं कातडं लागलं मले! त्याले बॉल दाखवाले सांगा!"

पण रफिक कुठे होता? ग्लव्ह छातीशी धरून तो आपल्या पोट्ट्यांकडे पळाला होता आणि पोट्ट्यांनी त्याला उचलला होता. मामांनी मास्क काढला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले,

"मले दिसला."

झालं! जास्तीच्या इनिंगमध्ये नवा बॉल निघाला आणि अकोला जिंकलं.

कपाचं मला काही नाही. तो कप मी पुढे पाहिला, त्यात अकोल्याच्या शाळेचा शिपाई खडू ठेवायचा. पण आमच्या गल्लीत तीन सुधीर. एक मास्तर सुधीर, एक दूधवाला सुधीर आणि तिसरा आऊट सुधीर! मास्तर रिटायर झाला, दूधवाल्यानं म्हशी विकल्या, मी मात्र अजून आऊट. परवा कुरिअरवाला गल्लीत विचारत होता, "आऊटभाऊंचं दुकान कुठी आलं?"

रफिकला विचारून उपयोग नाही. तो म्हणतो, "अबे, मेरी आँखे बंद थी! तुझ्यासारखा सांड धावत येऊन राहिला अन मी काय डोळे उघडे ठेवू? बाद में सबने उठा लिया, ग्लव्ह किधर, बॉल किधर, कोणाले माहीत!"

म्हणजे खरं काय ते एकट्या मामांना ठाऊक. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा 'सेफ' ऐकायचं होतं. बस.

*

मूर्तिजापूरचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळा लागला की त्याला भेगा पडायच्या. भेगा कसल्या, दऱ्या! मी एका भेगेत सायकल उभी केलेली पाहिली आहे. फक्त हँडल वर होतं. (रफिक म्हणतो हँडलही नव्हतं, घंटी तेवढी दिसत होती.) बॉल घरंगळत गेला आणि भेगेत पडला की संपलं. आमच्या भूगोलाच्या सरांनी शिकवलं होतं की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला अमेरिका आहे. म्हणून बॉल भेगेत गेला की पोट्टे ओरडायचे, "गेला माहेरी!"

यावर अमेरिकेच्या नियमांच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. मग मामांनी स्वतःचा नियम केला. बॉल भेगेत गेला की फिल्डरनं तिथेच पालथं झोपायचं, एक हात वर करायचा आणि "भेग!" असं ओरडायचं. ओरडला की खेळ थांबला, जो जिथे होता तिथे. हात वर नाही केला तर पळणारे पळतच राहणार. एका मॅचला म्हैस मधे आली, तेव्हा तोच नियम म्हशीलाही लावला. फक्त पालथं झोपायची सूट दिली.

आमचे पोट्टे हाच नियम पाठ करत मोठे झाले. त्यांना वाटायचं, जगभर असंच असते.

पुढे आमच्यातला एक पोट्टा राष्ट्रीय स्पर्धेला पंजाबात गेला. तिथलं मैदान हिरवंगार, गालिच्यासारखं. मॅच अटीतटीची. बॉल घरंगळत गेला आणि पाण्याच्या पाइपच्या खड्ड्यात पडला. समोरच्या टीमचे तीन जण पळत सुटले. आमच्या पोट्ट्यानं काय करावं? धाडकन पालथा झोपला, हात वर केला आणि छाती फाटेस्तोवर ओरडला, "भे-ऽ-ऽ-ग!"

तिथल्या अंपायरला वाटलं पोरगं उन्हानं पडलं. त्यानं दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. डॉक्टर धावले, स्ट्रेचर आलं, कुणी तोंडात ग्लुकोज ओतलं. पळणाऱ्या तिघांना परत पाठवलं. आपली टीम ती मॅच जिंकली!

परत आल्यावर पोट्ट्यानं मामांना सगळं सांगितलं. मामांनी मान डोलावली.

"पाह्य. तिकडंही हाच नियम हाये."

*

अंपायरला छातीवर गादीसारखं कवच बांधावं लागतं, बॉल लागतो म्हणून. ते आणायला कोण जाणार? शांतामामींनी घरीच शिवलं. सरकी काढलेला कापूस आत, आणि बाहेरून ढेपेचं पोतं. ढेप म्हणजे सरकीची पेंड, गाईंचं पक्वान्न. मामींनी पोतं दोनदा धुतलं होतं. पण ढेपेचा वास धुऊन जातो का?

अकोल्याला मॅच होती. मामा होमच्या मागे वाकून उभे, डोळे बॉलवर. तेवढ्यात मागून एक तांबडी गाय आली आणि तिनं मामांना बगलेतून चाटायला सुरुवात केली! पोरं हसून हसून लोळायला लागली. मामा ढिम्म. पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोट्ट्यानं, नेमका टाकला; बॅटरचा हुकला.

"स्ट्राइक!"

गाय आता पुढे आली, छातीलाच तोंड घातलं. पिचरनं पुन्हा टाकला, पण बाहेर; तशा टाकलेल्याला अंपायर नुसतं 'बॉल' म्हणतो.

"बॉल!"

बॅटर वैतागला. "मामा, अगोदर गाय हाकला नं!"

मामांनी डोळे न हलवता डाव्या हातानं गाईच्या गळ्याखाली खाजवलं. "तिचं चालू दे. गाभण हाये. तू बॅट वर घे."

मॅच संपली तोवर कवचाचा एक खांदा गाईच्या पोटात गेला होता. गाईच्या मालकानं हात जोडले, "मामा, नवीन करून देतो." मामा म्हणाले, "ते राहू दे. दिवस भरले की मले बोलावजो." आणि खरंच, बोलावणं आलं तेव्हा मामा अकोल्याला गेले. कालवड झाली. तिचं नाव काय ठेवलं असेल? स्ट्राइक!

हे नाव मी ठेवलं, असं रफिक सांगतो. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

*

मामांवर ओरडायला येणारा माणूस परत जाताना कसा जायचा, हे पाहायला आम्ही मुद्दाम थांबायचो.

अकोल्याचे एक सर होते, भारी तापट. एकदा त्यांच्या टीमविरुद्ध निर्णय गेला तशी ते पाय आपटत थेट होमपर्यंत आले. कानशिलं लाल, नाकपुड्या फुगलेल्या. मामांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सुरू झाले, "तुम्हाला अंपायर केलं कोणी? तुम्हाला दिसते का? तुम्ही..."

मामांनी एक हात त्यांच्या मानेवर ठेवला. दुसऱ्या हातानं हनुवटीखाली हळूहळू खाजवायला लागले. तोंडानं बारीक आवाज, "हो... हो... हो राजा... हो..."

सर अर्ध्या वाक्यावर थांबले. डोळे किंचित मिटले. मग मान खाली घालून चालत गेले आणि आपल्या जागेवर बसले. पूर्ण मॅचभर शब्द नाही!

संध्याकाळी चहा पिताना ते मामांच्या शेजारी येऊन बसले. जरा लाजतच म्हणाले, "तायडे, दुपारी तुम्ही माझं ते काय केलं?"

"काई नाई सर. सवय हो."

"नाही, वाईट नाही म्हणत. बायकोला शिकवाल का?"

*

एका वर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. नाव सांगत नाही, सगळ्या फ्लेक्सवर होतंच. भाषणात त्यांनी मैदानाला पक्की गॅलरी बांधून देतो असं जाहीर केलं. टाळ्या! मग रिवाजाप्रमाणे पाहुण्यांनी एक बॉल टोलवायचा होता. पाहुणे बॅट घेऊन उभे राहिले. फोटोवाले सरसावले.

आमच्या पिचरनं हळूच, लाडानं बॉल टाकला. पाहुण्यांनी बॅट फिरवली. हुकला.

मागून मामा गरजले, "स्ट्राइक वन!"

पाहुणे हसले. "आणखी एक टाक रे."

हुकला. "स्ट्राइक टू!"

आता पाहुण्यांच्या कार्यकर्त्यांनी पिचरला डोळे दाखवले. त्यानं तर बॉल टाकला नाही, जणू नैवेद्य दाखवला! तोही हुकला.

"स्ट्राइक थ्री! आऊट!"

पाहुणे म्हणाले, "अरे, उद्घाटनाचा आहे हा बॉल! आणखी एक."

मामांनी मास्क काढून, हात जोडून, अगदी नम्रपणे सांगितलं, "साहेब, मांगं बॅटर उभा हाये."

पाहुणे गेले. गॅलरी आजतागायत आलेली नाही. पी.टी. सर पुढे कित्येक वर्षं मामांना ऐकवायचे, "तायडे, तुमच्या एका आऊटपायी गॅलरी गेली."

मामा म्हणायचे, "सर, हळू बॉलले ज्यानं पाय मांगं घेतला, तो काय गॅलरी बांधनार होता!"

*

माझं लग्न. मांडवात मी उभा, समोर अंतरपाट, पलीकडे नवरी. मंगलाष्टकं सुरू. मामा-मामी पहिल्या रांगेत. अक्षता टाकायला मामा अगदी माझ्या खांद्यामागे आले, नेहमीसारखे, जणू मी बॅटिंगला आहे. मी मान न वळवता पुटपुटलो, "मामा, आजच्या दिवशी तरी सांगा. सेफ होतो नं मी?"

मामांनी अक्षता टाकल्या आणि माझ्या कानात म्हणाले, "तवा तुले शंका तरी होती. आज त चारशे लोकाईसमोर आऊट होऊन राहिला."

मी फिसकन हसलो. भटजींनी मंगलाष्टक थांबवलं. सासऱ्यांनी वळून पाहिलं. बायको म्हणते, अंतरपाट दूर झाला तेव्हा मी तिच्याकडे पाहून इतका गोड हसत होतो की तिला पहिल्याच नजरेत मी आवडलो. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही. आता वाचेल.

*

आणि आता ते.

मामा गेले त्याच्या आधीचा उन्हाळा. आम्ही जुन्या पोट्ट्यांनी मिळून मूर्तिजापूरच्या मैदानावर मुरूम टाकायचं ठरवलं. पोट्टे म्हणजे आता सगळे टकले! एकदाच्या त्या भेगा बुजवून टाकू म्हणून जेसीबी बोलावला. मी अमरावतीहून गेलो, रफिक अकोल्याहून आला. आम्ही दोघं होम प्लेटपाशी उभे. जेसीबीनं दात टेकवले, काळ्या मातीचं भलंमोठं ढेकूळ उचललं आणि बाजूला उलटं केलं.

त्यातून काय काय पडावं! एक चप्पल. पी.टी. सरांची हरवलेली शिट्टी. कुणाच्या तरी चष्म्याची एक काच. आणि एक बॉल.

बॉल सुकलेल्या कवठासारखा झाला होता. रफिकनं उचलला, शर्टाला पुसला, आणि त्याचा चेहरा पडला. बॉलवर तीन लाल टिपके होते.

आता टिपके म्हणजे काय, ते सांगायला हवं. बॉलांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमचे पी.टी. सर शाळेच्या प्रत्येक बॉलवर बायकोच्या नेलपॉलिशचे तीन टिपके द्यायचे. फायनलला बॉल आमच्या शाळेचा होता. आणि हा सापडला कुठे? होम प्लेटच्या खाली!

"रफिक," मी म्हणालो, "ग्लव्ह रिकामा होता!"

"अबे, तुमच्या शाळेचे किती बॉल गेले असतील भेगेत!"

"होमच्या खाली?"

रफिक म्हणाला, "चल मामाकडे. जो होगा सो होगा."

मामांचं घर तिथून दोन गल्ल्या. मामा अंगणात शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. गुडघे गेलेले, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. मी बॉल त्यांच्या हातात ठेवला आणि कुठून निघाला ते सांगितलं. पन्नाशीला आलेला माणूस, बेअरिंगचा होलसेल व्यापारी, आणि शाळकरी पोट्ट्यासारखा त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा!

मामांनी पट्टीची गाठ मारली, शेळी सोडली. बॉल फिरवून पाहिला. वास घेतला. कानाशी हलवला.

"मामा, दिसते नं?" मी विचारलं.

"तवापेक्षा चांगलं दिसते आता."

रफिकनं माझ्याकडे पाहिलं. मी रफिककडे.

"मंग सांगा नं! मी सेफ होतो का नाही?"

मामा म्हणाले, "हा बॉल जमिनीत होता, एवढं दिसते. कवा गेला, शिवाच्या आंधी गेला का नंतर गेला, हे बॉल सांगते काय?"

"मग ठरवाचं कसं?"

मामांनी थोडा विचार केला. मग घरात हाक मारली, "अवो, मास्क आना माहा!"

मामींनी मास्क आणला. त्याच्या जाळीत कांदे ठेवलेले होते, ते काढून दिले. मामांनी मास्क चढवला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ओट्याची पायरी झाडली.

"पायरी होम. ते हापशी तिसरा बेस. रफिक, इथी बस. सुध्या, जाग्यावर जाय."

"अन बॉल कोन फेकन?" रफिकनं विचारलं.

"ह्या फेकतीन," मामींकडे बोट दाखवत मामा म्हणाले.

मामी ओरडल्या, "अवो, सकायीच सारवलं म्या अंगन!"

"खेळ चालू झाला," मामा म्हणाले. "आता मधात बोलाचं नाई."

मामींनी पदर खोचला, बॉल घेतला आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी हापशीला हात लावून उभा. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमा झाले. कुणीतरी विचारलं, "काय करून राहिले हे?" दुसऱ्यानं सांगितलं, "तो अमरावतीचा आऊट सुधीर होय."

मी ओरडलो, "रफिक, या टायमाले डोळे उघडे ठेवजो बे!"

"प्ले!" मामा म्हणाले.

मी सुटलो. हल्ली मी जिना चढायच्या आधी दोनदा विचार करतो, पण त्या दिवशी मी पळालो! तिकडून मामींनी बॉल फेकला, असा फेकला की अकोल्याच्या पोट्ट्यांनी शिकावं. मी सारवलेल्या अंगणावर झोकून दिलं आणि मामींचं सकाळचं सगळं काम अंगावर घेत थेट पायरीपर्यंत घसरत गेलो. पाय पायरीला लागला. त्याच क्षणी रफिकचा हात माझ्या खांद्यावर बसला, आणि फट्ट!

बॉल फुटला. इतकी वर्षं मातीत राहिलेला तो, दुसरं काय होणार! अर्धा रफिकच्या मुठीत राहिला. अर्धा पायरीवर पडला, एकदा उडाला आणि शेळीसमोर जाऊन थांबला.

कुणी हललं नाही. शेळीसुद्धा.

मामा गुडघ्यावर हात टेकून वाकले. मास्क वर केला, काळा चष्मा कपाळावर घेतला. रफिकच्या मुठीतला अर्धा पाहिला. शेळीसमोरचा अर्धा पाहिला. पायरीला लागलेला माझा पाय पाहिला. मास्क पुन्हा खाली ओढला. हळूहळू ताठ झाले. आणि हात वर गेला, अगदी तेव्हासारखा.

"आऊट!"

मी नखशिखान्त शेणानं माखलेला उठलो. "मामा! अर्धा बॉल खाली पडला हाये!"

"मले दिसला."

"मग?"

"मंग अर्धाच आऊट देल्ला तुले."

"अर्धा? अन बाकीचा अर्धा?"

मामांनी मास्क काढला, मामींच्या हातात दिला आणि मला उठवायला हात पुढे केला.

"तो तवाच देल्ता नं बाप्पा! आज पुरा झाला. चाल, हात-पाय धू. जेवाले बसू."